आई, आपण चढलो कुठे?

मागच्या श्रावणात लेक पुण्याहून चार दिवसांची सुट्टी काढून आली होती, तेव्हा तिला घेऊन जामगेटला गेलो. पावसाळ्यात अख्खं इंदूर तिकडेच जातं. महू ओलांडायचं, आर्मीचा एरिया संपला की दोन्ही बाजूंना सोयाबीन, मधेच एखादं मक्याचं शेत, रस्त्याकडेला भुट्टे भाजणाऱ्यांच्या शेगड्या, आणि रस्ता जरा वर जरा खाली करत असला तरी एकूण हिशोब सपाटच. मग समोर एक दगडी दरवाजा येतो, जाड भिंतींचा, अहिल्याबाईंनी १७९१ साली बांधून घेतलेला, आणि त्याच्या कमानीतून पलीकडे पाऊल टाकलं की जमीन संपते. म्हणजे खरंच संपते. ढग पायाखाली असतात आणि त्यांच्या फटींतून खूप खोल निमाडची, म्हणजे खालच्या नर्मदाकाठच्या मुलुखाची, शेतं दिसतात, आणि हवा स्वच्छ असली तर लांबवर नर्मदेची एक बारीक चमक.

लेक पुण्यात ट्रेकिंग करते, दर दोन आठवड्यांनी कुठला ना कुठला गड असतो. ती कठड्यापाशी उभी राहिली, खाली बघितलं, मग मागे वळून आलो त्या रस्त्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आई, हा एवढा मोठा डोंगर आहे ना, मग आपण चढलो कुठे?"

मी म्हटलं, "चढलो नाही बाळा, आपण राहतोच वर."

त्या दिवसापासून हे लिहायचं डोक्यात आहे. कारण हाच प्रश्न मला पडला होता तेव्हा मी चौथीत होते आणि त्याचं उत्तर मिळायला मला फार वर्षं लागली, आणि आजही इंदुरातल्या बऱ्याच जणांना विचारा की विंध्याचल कुठे आहे तर ते मिर्झापूरच्या देवीचं नाव सांगतील, नाहीतर हवेत हात करून "उधर, ओंकारेश्वर साइड" म्हणतील.

शाळेच्या नकाशात विंध्य म्हणजे भारताच्या कमरेवर काढलेली एक तपकिरी अळी. इंदूरचा ठिपका अळीला जवळजवळ चिकटलेला. मी त्या काळी गच्चीवर चढून चारी दिशांना बघायचे, काही दिसायचं नाही. राजवाड्याचा माथा, चिंचेची झाडं, मिलच्या चिमण्या. डोंगर काही नाही. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, ओट्यावर बसलेल्याला ओटा दिसतो का? रस्त्यावरून येणाऱ्याला दिसतो.

आमचं आजोळ महेश्वरचं, तिथल्या घराला हा एवढा उंच ओटा होता, पाच पायऱ्यांचा, त्यामुळे मला ते लगेच पटलं. समजलं मात्र नाही. समजलं तेव्हा, जेव्हा मी आकडे पाहिले. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, महेश्वरचा घाट दीडशेच्या आसपास. महू सोडून दक्षिणेला जावं तशी जमीन हळूहळू अजूनच वर जाते, आपल्या लक्षातही येत नाही, जानापाव तर साडेआठशे मीटरचा आहे, आणि मग काठ येतो आणि एकदम उतार. उत्तरेकडून बघाल तर विंध्य नाहीच, मळा आहे. दक्षिणेकडून, नर्मदेकाठून मान वर करून बघाल तर निळी भिंत. एकच डोंगर, पण तो एकाच बाजूने डोंगर आहे.

जानापाववर परशुरामाचं जन्मस्थान मानतात, कार्तिकी पौर्णिमेला जत्रा भरते, आणि तिथून साडेसात नद्या निघतात असं लोक म्हणतात. साडेसातचा हिशोब मी कधी लावला नाही, पण त्यातली चंबळ खरी आहे. चंबळ तिथे उगवते आणि नर्मदा अगदी डोळ्यांसमोर दिसत असताना तिच्याकडे पाठ फिरवून उत्तरेला निघते, राजस्थान, ग्वाल्हेरकडचे बीहड, म्हणजे मातीतल्या खोल घळी, करत यमुनेला मिळते आणि तिथून गंगेबरोबर बंगालच्या उपसागरात. आणि त्याच डोंगररांगेतून निघालेली चोरल घाटातून उड्या मारत खाली नर्मदेत, म्हणजे अरबी समुद्रात. एकाच ढगातल्या दोन थेंबांचं नशीब हातभर अंतराने ठरतं. क्षिप्रा, कालीसिंध, पार्वती, बेतवा, सगळ्या अशाच, विंध्याच्या पाठीवर जन्मून उत्तरेला घरंगळलेल्या. त्यांचा उतार हळू आहे म्हणून त्या संथ आहेत आणि म्हणून माळव्यात माती साठली. दक्षिणेच्या बाजूला साठायला जागाच नाही, तिथे पाणी पडतं. पातालपाणीला पावसात गेलं की ते पडणं बघता येतं, काळ्या कड्यावरून चहाच्या रंगाचं पाणी सरळ खाली, आणि समोर उभं राहून मोजलं तर कड्याचे थर मोजता येतात, एकावर एक, जणू कोणी भाकरी रचून ठेवल्यात.

त्या थरांबद्दल सांगायलाच हवं.

लहानपणी उन्हाळ्यात आम्ही महेश्वरला बसने जायचो, मानपूरच्या घाटातून. घाट सुरू झाला की आई आम्हाला लिंबू हुंगायला द्यायची, कान बसायचे, आणि खाली उतरता उतरता खिडकीतून येणारी हवा बदलायची. हे मी आजही डोळे मिटून सांगू शकते, कुठल्या वळणावर बदलते ते. वर माळव्याची हवा, उन्हाळ्यातही रात्री गच्चीवर पातळ पांघरूण लागणारी, आणि खाली निमाडची भट्टी. आजी आम्हाला "वरची पोरं" म्हणायची. "वरची पोरं आली गं, त्यांना माठातलं द्या." वरच्यांचा गहू, खालच्यांचा कापूस आणि मिरची. वरच्यांची माळवी, खालच्यांची निमाडी. घरात मराठी बोलणारे आम्ही सगळे, पण आजीच्या मराठीत निमाडी शिरलेली आणि आमच्या मराठीत इंदुरी हिंदी. एका पायरीने इतका फरक पडतो.

एकदा घाटात बस बंद पडली. ड्रायव्हर बॉनेट उघडून बसला, लोक उतरून सावली शोधायला लागले, आणि बाबांनी मला रस्ता काढताना डोंगर जिथे कापलेला होता त्या भिंतीपाशी नेलं. खाली काळा दगड, मग त्यावर हातभर जाडीचा लाल पट्टा, अगदी विटेच्या रंगाचा, नख लावलं तर भुगा होणारा, आणि त्यावर परत काळा दगड. बाबा म्हणाले हा लाल पट्टा म्हणजे एका आगीनंतर दुसरी आग येईपर्यंतची सुट्टी आहे.

पुढे वाचलं तेव्हा कळलं की बाबांनी अजिबात वाढवून सांगितलं नव्हतं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, जरा जास्तच, इथे जमिनीला भेगा पडून लाव्हा वर आला. शंकूसारखा ज्वालामुखी नाही, भेगांतून उतू जाणारा, दूध उतू जावं तसा पसरत गेलेला. तो थंड झाला, काळा बेसाल्ट झाला. मग काही काळ काहीच नाही. त्या काळात पाऊस पडला, दगड झिजला, माती झाली, त्यावर झाडंही उगवली असतील. मग परत लाव्हा आला आणि ती माती भाजून लाल झाली, कुंभाराच्या आव्यात होते तशी. हे पुन्हा पुन्हा झालं. आज जो दख्खनचा काळा दगड उरलाय तो सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे, सौराष्ट्रापासून जबलपूरच्या पलीकडे आणि खाली बेळगावपर्यंत. म्हणजे लेक ज्या राजगड-तोरण्यावर चढते तो दगड आणि जामगेटचा दगड एकाच घराण्यातला. माळव्यातली काळी माती, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी आणि पाणी प्यायली की फुगून पायाला किलोकिलोने चिकटणारी, ती याच दगडाचं पीठ आहे. आणि त्या थरांमुळे डोंगराला पायऱ्या पडल्या म्हणून भूगर्भवाल्यांनी याला ट्रॅप नाव दिलं, तो शब्द स्वीडिश भाषेतला, अर्थ जिना. आमच्या बाबांना स्वीडिश येत नव्हतं, तरी ते पहिल्यापासून पायरीच म्हणत होते.

बस सुरू झाली तेव्हा मी त्या भिंतीतला एक काळा तुकडा उचलून फ्रॉकच्या खिशात टाकला. तो अजून आहे माझ्याकडे. त्यात छोट्या छोट्या पोकळ्या आहेत, लाव्हातला वायू निघून गेला त्यांच्या, आणि त्या पोकळ्यांत नंतर पाण्याबरोबर आलेले पांढरे खडे भरलेत, एकदोन हिरवट. भिंग लावून बघितलं तर एका पोकळीत सुयांसारखे स्फटिक आहेत, मधोमध एकत्र आलेले, शेवंतीच्या पाकळ्यांसारखे.

आता इथे एक गंमत आहे जी कळली तेव्हा मी दोन दिवस अस्वस्थ होते. विंध्य नावाचा दगड वेगळाच आहे. भूगर्भशास्त्रात विंध्यन म्हणतात ते खडक बेसाल्ट नाहीतच. ते वालुकाश्म, चुनखडी, शेल, उथळ समुद्रात गाळ साठून झालेले, आणि त्यांतले सगळ्यात जुने थर एकशे साठ कोटी वर्षांच्याही मागे जातात. जाडी चार किलोमीटरच्या आसपास. तो खडक भोपाळ, रीवा, पन्ना, कैमूर, चित्तोड, ग्वाल्हेर असा पसरलाय. ग्वाल्हेरचा किल्ला ज्या टेकडीवर आहे ती विंध्यन वालुकाश्माची. दिल्लीचा लाल किल्ला ज्या लाल दगडाचा तोही त्याच घराण्यातला. आणि आपण, इंदूरवाले, ज्या डोंगराला घरचा विंध्य म्हणतो त्यावर मात्र लाव्हाचं पांघरूण, जुना दगड खाली दडलेला, नाहीतर अगदी तुकड्यातुकड्यांनी दिसणारा. म्हणजे नाव त्याचं आणि अंगरखा दुसऱ्याचा. हजारेक किलोमीटरची ही रांग नकाशात एकच अळी आहे, पण पश्चिमेकडचा अर्धा भाग आगीचा आणि पूर्वेकडचा पाण्याचा. माझ्या मते शाळेत सगळ्यात आधी हे शिकवायला हवं, उंची आणि लांबी नंतर.

जुना दगड बघायचा म्हणून मग आम्ही मुद्दाम भीमबेटकाला गेलो. लोक तिथल्या गुहांमधली आदिमानवाची चित्रं बघायला जातात आणि ती बघावीतच. विष्णु श्रीधर वाकणकर, नीमचला जन्मलेले, उज्जैनचे, आपल्या माळव्यातले मराठी माणूस, १९५७ मधे रेल्वेने जाताना त्यांना खिडकीतून हे खडक दिसले, वाटलं की असे आडोसे असतील तर माणूस राहिला असणार, आणि ते उतरून चालत गेले. मी त्या रस्त्याने रेल्वेने किती वेळा गेले असेन. तर चित्रं बघून झाल्यावर मी दगडच बघत बसले. एका कातळावर लाटा आहेत. खरंच लाटा, ओहोटीनंतर वाळूवर उमटतात तशा बारीक वळ्या, एकीमागे एक, बोट फिरवलं तर बोटाला लागतात. शंभर कोटी वर्षांच्या आसपास जुन्या. त्या काळी जमिनीवर गवताची काडी नव्हती, प्राणी नव्हते, आणि ते पाणी किनाऱ्याला लागून हललं आणि तो हलल्याचा ठसा राहिला, पुढे त्यावर किलोमीटरभर गाळ बसला, तो झिजून गेला, शेजारी लाव्हा येऊन गेला, माणसं आली, त्यांनी गेरूने हरणं काढली, आणि त्या वळ्या तशाच. मी किती तरी वेळ हात ठेवून बसले होते. आमचे हे म्हणाले चल आता, गेट बंद होईल.

मला विंध्यनबद्दल सगळ्यात आश्चर्य वाटतं ते हे की तो खडक आडवाच्या आडवा आहे. हिमालयातले थर बघा, चुरगळलेल्या चादरीसारखे. हा इतका म्हातारा असून बहुतेक ठिकाणी अंथरला तसाच आहे. चित्रकूटकडच्या विंध्यन खडकात तर २०१७ साली शास्त्रज्ञांनी लाल शैवालासारख्या जीवांचे अवशेष असल्याचं जाहीर केलं, एकशे साठ कोटी वर्षांपूर्वीचे, पेशींच्या भिंती दिसतील इतके शाबूत. चुरगळला असता तर काय राहिलं असतं.

भीमबेटकाची आणखी एक गोष्ट. २०२१ साली बातमी आली की तिथल्या एका गुहेच्या छतावर डिकिन्सोनिया नावाच्या अतिप्राचीन जीवाचा ठसा सापडला, पंचावन्न कोटी वर्षांचा. आमच्या घरात आनंदीआनंद, कारण आम्ही त्याच छताखालून गेलो होतो. दोन वर्षांनी दुसऱ्या शास्त्रज्ञांनी जाऊन नीट बघितलं आणि सांगितलं की हा मधमाशांच्या जुन्या पोळ्याचा डाग आहे, सुटत चाललाय, आणि ज्यांनी आधी जाहीर केलं होतं त्यांनीही ते मान्य केलं. मला ती दुसरी बातमी पहिलीपेक्षा जास्त आवडली. एखादी गोष्ट जाहीर केल्यावर मागे घेणं सोपं नसतं. आणि मधमाशांना तो कातळ घर करण्यालायक वाटला हेही छानच आहे की.

तर ही पायरी पडली कशाने? आजी अगस्तींची गोष्ट सांगायची. विंध्य गर्वाने वाढत वाढत सूर्याच्या वाटेत आला, देव घाबरले, अगस्ती ऋषी आले, गुरू आले म्हणून विंध्य वाकला, ते म्हणाले मी दक्षिणेहून परत येईपर्यंत असाच राहा, आणि ते परत आलेच नाहीत. आजी गोष्ट संपवताना नेहमी पदर सावरत म्हणायची, "बिचारा अजून वाट बघतोय." मला त्या डोंगराची फार दया यायची.

भूगर्भवाले सांगतात ते असं की नर्मदा आणि सोन या नद्यांच्या वाटेखाली जमिनीच्या कवचात एक अतिशय जुनी कमजोर जागा आहे, देशाच्या मधोमध तिरकी गेलेली, आणि त्या रेषेवर जमीन पुन्हा पुन्हा हलली. दोन भेगांच्या मधला पट्टा खचला, तो नर्मदेचं खोरं. दक्षिणेला सातपुडा उचललेल्या ठोकळ्यासारखा राहिला, त्याच्या पलीकडे परत तापीचं खोरं. म्हणून द्वीपकल्पातल्या बाकीच्या मोठ्या नद्या पूर्वेला जातात आणि या दोघी पश्चिमेला. नर्मदेने ही दरी खोदली नाही, तिला ती तयार मिळाली. आणि विंध्याची भिंत म्हणजे त्या खचलेल्या पट्ट्याचा उत्तरेचा काठ, पावसापाण्याने झिजत झिजत मागे सरकलेला. तो अजूनही सरकतोय, जामगेटच्या खाली दर पावसाळ्यात दगड सुटतात तेव्हा. ती कमजोर जागाही पूर्ण निजलेली नाही, १९९७ च्या मे महिन्यात जबलपूरला पहाटे भूकंप झाला तो याच पट्ट्यातला, आणि त्याआधी १९३८ मधे सातपुड्याखाली झाला तोही.

पण या सगळ्याच्या आधी, लाव्हाच्याही आधी, या दरीत समुद्र होता. हे ऐकल्यावर लेकीने माझ्याकडे तू काहीही सांगतेस अशा नजरेने बघितलं होतं. धार जिल्ह्यात बाघ आहे, लेणी आणि ठशांचं कापड यासाठी प्रसिद्ध. तिथल्या चुनखडीत शिंपले मिळतात, समुद्री साळी मिळतात, शार्कचे दात मिळतात. पश्चिमेकडून समुद्र आत घुसला होता, आज जिथे नर्मदा समुद्राकडे जाते तिथूनच उलटा. तो मागे हटला आणि मग डायनासोर आले अंडी घालायला. बाघ, कुक्षी त्या भागात ९२ घरटी आणि २५६ अंडी मोजली गेली, त्याचा अहवाल २०२३ च्या सुरुवातीला प्रसिद्ध झाला. आणि त्याच वर्षाच्या शेवटी पाडल्या गावची बातमी आली होती. तिथले शेतकरी शेतात सापडलेले गोल गोल दगड पिढ्यान्‌पिढ्या काकड भैरव म्हणून पुजत होते, शेताचं आणि गुरांचं रक्षण करणारा देव म्हणून, आणि तज्ज्ञांनी पाहिलं तर ती डायनासोरची अंडी. व्हॉट्सअॅपवर लोकांनी त्यावर खूप हसून घेतलं. मला नाही हसू आलं. शेतात नांगराला काहीतरी वेगळं लागलं, हे साधं नाही एवढं त्यांना कळलं, आणि त्यांनी ते फोडलं नाही, जपलं. त्यांच्या जपण्यामुळेच तर ती तज्ज्ञांना बघायला मिळाली.

आमच्याही देवघरात असाच एक दगड आहे. बाणलिंग, नर्मदेतलं, आजीने आईला लग्नात दिलेलं. बोराएवढं नाही, जरा मोठं, लिंबाएवढं, चॉकलेटी रंगाचं आणि त्याच्या पोटावरून एक पांढरी रेघ जाते, जानव्यासारखी तिरकी. गारेच्या जातीचा कडक दगड, पाण्याने घोळवून घोळवून इतका गुळगुळीत केलेला की ओल्या हातात राहत नाही, निसटतो. लोक म्हणतात नर्मदा का हर कंकर शंकर. सकाळी ताम्हनात ठेवून मी त्यावर पाणी घालते तेव्हा मला बाबा आठवतात, कारण ते पाणीही नर्मदेचं असतं.

बाबा पाण्याच्या खात्यात ओव्हरसियर होते. इंदूर वाढत चाललं, यशवंत सागर तलाव पुरेना, उन्हाळ्यात टँकरसमोर भांडणं व्हायची, नर्मदेचं पाणी आणा म्हणून १९७० साली लोकांनी मोठं आंदोलन केलं. नर्मदा सत्तर किलोमीटर लांब आहे हा प्रश्न नव्हता. ती खाली आहे हा प्रश्न होता. मंडलेश्वरजवळ जलूदला पाणी उचलायचं आणि चारशे मीटरहून जास्त वर चढवायचं, घाटातून, टप्प्याटप्प्याने पंप लावून. १९७८ मधे पाणी आलं. मी आठ वर्षांची होते. आमच्या गल्लीत नळाला हळदकुंकू वाहिलं, आईने पहिला तांब्या भरून देवापुढे ठेवला, आणि महेश्वरहून आलेली आजी त्या नळाकडे बघत राहिली, कारण तिने आयुष्यभर नर्मदेकडे खाली उतरून जायचं हेच केलं होतं. घाटाच्या पायऱ्या उतरून. आणि इथे नर्मदा तिच्याकडे वर आली होती.

नंतर कधीतरी बाबा मला जलूदला घेऊन गेले. पंपांचा आवाज इतका की बोलणं ऐकू येईना. बाहेर आल्यावर माझ्या कमरेहून जाड लोखंडी पाइप होता, बाबांनी मला त्याला कान लावायला सांगितला. उन्हाने तापलेला असेल असं वाटलं होतं पण गार होता, घाम सुटलेला, आणि आत एकसारखी घरघर. बाबा माझ्या कानाशी ओरडून म्हणाले, "घाट चढतेय ती. ऐक."

मला मोठेपणी एक गोष्ट सुचली जी त्यांना सांगायची राहून गेली. ते पाणी चाललं होतं अरबी समुद्राला. आपण त्याला उचलून पायरीच्या वर आणलं, आपल्या स्वयंपाकघरांतून फिरवलं, आणि आपलं सांडपाणी कान्ह नदीत जातं, कान्ह क्षिप्रेत, क्षिप्रा चंबळेत, चंबळ यमुनेत. म्हणजे इंदुरात धुतलेल्या तांदळाचं पाणी बंगालच्या उपसागराच्या वाटेला लागतं. जे विंध्याने कोट्यवधी वर्षं वेगळं ठेवलं होतं ते आपण नळाच्या तोटीने जोडलं. २०१४ मधे तर नर्मदेचं पाणी पाइपने थेट क्षिप्रेच्या उगमात सोडलं. ते चांगलं की वाईट, मी बरेचदा विचार करते. विजेचा खर्च बघितला तर छाती दडपते, पण मी त्या पाण्यावर वाढले आहे, त्यामुळे मला न्याय करता येत नाही. एवढं मात्र मनापासून वाटतं की इंदुरात नळ वाहता सोडणाऱ्या प्रत्येकाला एकदा त्या पाइपला कान लावायला न्यावं.

चार दिवस संपले, लेकीची रात्रीची पुण्याची बस होती. आपल्याकडची पुण्याची, नाशिकची बस म्हणजे हा सगळा भूगोल आडवा कापून जाणारी सुरीच आहे. मानपूरचा घाट उतरली की विंध्य संपला, धामनोद, खलघाटला नर्मदेचा पूल, मग निमाड, मग सेंधव्याच्या पुढे बिजासनचा घाट, तो सातपुडा, तो उतरलं की आपण महाराष्ट्रात, शिरपूर, आणि मग तापी. आमचे पूर्वज याच रस्त्याने उलटे आले असणार, दोन डोंगर आणि दोन नद्या ओलांडून, घोड्यांवरून आणि बैलगाड्यांतून. बाजीराव तर नर्मदाकाठी रावेरखेडीलाच वारले, १७४० च्या एप्रिलमधे, ऐन उन्हाळ्यात.

पूर्वी आम्ही या प्रवासात खलघाट आला की खिडकीतून नर्मदेत दहा पैसे टाकायचो. आता एसी स्लीपरच्या काचा उघडत नाहीत.

मी रात्री भांडी आवरत होते तेव्हा तिचा मेसेज आला. "मानपूर उतरतोय, कान बसले."

मग बराच वेळ काही नाही. मी झोपायच्या तयारीत असताना परत फोन वाजला.

"खलघाट. काच बंद आहे पण हात जोडले. आजोबांच्या पाण्याला."